भाऊंच्या बॉनेटवरचे टवके

पुंजानाना पेंटर गाडीच्या मालकाकडे बघायचेच नाहीत. गाडी शेडपुढे थांबली की ते थेट बॉनेटपाशी जायचे, बोटाच्या पेराने टकटक करायचे आणि मान तिरकी करून ऐकत राहायचे. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा नमस्कारासाठी जोडलेले माझे हात तसेच हवेत राहिले.

"फायबर हे," नाना बॉनेटलाच म्हणाले. "लोखंड समजून रगडलं तर धागे वर येतील. मग कितीबी रंग ओता, फुगणार."

बॉनेटवर खडीने उडालेले सात-आठ टवके होते. मी म्हणालो, "नाना, वरून एक हात मारून टाका की! कोणाला दिसतंय?"

"दुकान कशाचं तुमचं?"

"चष्म्यांचं."

"मग डोळे मिटा, चष्मेवाले." त्यांनी माझं बोट धरून टवक्यावरून फिरवलं. "लागली पायरी? ही रंगाखाली मरत नाय. डोळा लय भोळा, कोणीबी फसवतं त्याला. बोट फसत नाय."

माझ्या धंद्याचा असा अपमान नाशकात दुसऱ्या कोणी केला नव्हता. मी त्या दिवसापासून त्यांचा झालो. रोज दुपारी दुकान बंद करून शेडमधल्या रंगाच्या डब्यावर जाऊन बसायचो आणि बघायचो. नाना बॉनेट साबणाने धुऊन कोरडं करत. प्रत्येक टवक्याची कड ओल्या वॉटर पेपरने घासून उतरती करत. फायबरचा धागा उघडा पडला असेल तिथे रेझिनचा पातळ थर देत, आणि तो कडक होईपर्यंत कोणाला जवळ फिरकू देत नसत. मग पुटी, पुन्हा वॉटर पेपर, प्रायमर. रंग अगदी शेवटी. घाई करणाऱ्या गिऱ्हाइकाला म्हणत, "नुसता रंगच फासायचा तर माझ्याकडं कशाला आले? निवडणुकीला उभे राहा."

आणि एक दिवस निवडणुकीला उभे राहिलेले भाऊच आले.

भाऊ आमच्या वॉर्डाचे उमेदवार. त्यांच्या पांढऱ्या गाडीच्या बॉनेटवर पाच मोठे टवके होते. विरोधकांनी दगडफेक केली, असं ते आठवडाभर चौकाचौकात सांगत होते. नानांनी टकटक केलं, वाकले, आणि एका टवक्याच्या चिरेतून चिमट्याने काहीतरी उपसून उजेडात धरलं.

"भाऊ, दगडाला शेंड्या कधीपास्नं यायला लागल्या?"

मला सगळा उलगडा झाला. दसऱ्याला भाऊंच्या गाडीची पूजा कार्यकर्ते करतात. बाकी जग चाकापुढे नारळ फोडतं. भाऊंची माणसं उत्साहाच्या भरात बॉनेटवरच आपटतात. जुन्या जीपच्या लोखंडाने ते वर्षानुवर्षं सोसलं. या नव्या गाडीला भाऊंनी हौसेने फायबरचं बॉनेट बसवलं होतं, हे भक्तीच्या भरात कोणाच्या ध्यानात राहणार?

भाऊ जराही ओशाळले नाहीत. "नाना, बॉनेट चकाचक करा. टवके तेवढे राहू द्या. रंग नवा असला की उठून दिसतील. दोन वाढवलेत तरी चालेल. रविवारी सभेत दाखवायचेत." मग पत्र्याच्या छपराकडे बघत हळूच म्हणाले, "शेड रस्त्याच्या मापात येते म्हणे तुमची. महापालिकेत मी बोलतो. तुम्ही माझं बघा, मी तुमचं बघतो."

"रविवारी सकाळी न्या," नाना एवढंच म्हणाले.

ते गेल्यावर मी हात जोडले. "नाना, सोडा ना पाच टवके! शेड वाचेल."

"बावीस वर्षं टवके भरतोय, चष्मेवाले. एकदा जाणून सोडला, तर बोटाला सवय लागंल."

रविवारी कार्यकर्त्यांनी गाडी नेली ती झेंडूच्या माळांनी मढवूनच. माळांखाली कोणी पाहिलं नाही. सभेत भाऊंनी गळा दाटून आणला, "माझ्या छातीवर झेललेले घाव बघा!" म्हणत माळा बाजूला केल्या, आणि बॉनेटमध्ये त्यांना स्वतःचंच तोंड लख्ख दिसलं. पुढच्या रांगेतल्या एका भाजीवाल्या आजींनी उठून हात फिरवला. "गुळगुळीत हे की रे बाबा!" माइक जवळच होता. मैदानभर हशा पिकला. मी शिट्टी वाजवली, हे कबूल करतो.

मंगळवारी शेड पाडायला जेसीबी आला. मी गेलो तेव्हा नाना सामानाच्या पेटीपाशी उभे असतील असं वाटलं होतं. ते जेसीबीच्या मडगार्डवर बोट फिरवत ड्रायव्हरला सांगत होते, "इथं गंज धरतोय, दादा. आधी खालपर्यंत घासून घे, मग रंग दे." त्यांच्या पाठीमागे बावीस वर्षांचा पत्रा खाली आला. त्यांनी वळून पाहिलं नाही.

नाना देवळ्याला, आपल्या गावी गेले. परवा माझ्या बॉनेटचे नवे टवके घेऊन मीही तिकडे गेलो. कांद्याच्या चाळीशेजारी लिंबाखाली त्यांचं काम चालतं. माझ्या आधी एक पांढरी गाडी उभी होती, कोण्या ड्रायव्हरने आणून सोडलेली. बॉनेटवर गुलाल, आणि सहा ताजे टवके. भाऊ निवडून आले होते. विजयाचे नारळ.

"नाना, ही गाडी तुम्ही करणार?" मी जवळजवळ ओरडलोच.

नानांनी डोळे मिटून टवक्यावरून बोट फिरवलं आणि वॉटर पेपर पाण्यात बुडवला.

"का नाय? बॉनेटनं कोणाचं घोडं मारलंय?"