बंदूक नाही, म्हणून शिकार नाही?

मंडळी, आज सकाळी आमच्या इथं रिसालीत एका ओळखीच्या माणसानं मला मोबाईलवर व्हिडिओ दाखवला. चार कुत्री एका हरणामागे धावत होती. "यात बंदूक कुठं हाये? मग शिकार कशी?" तो हसला.

मला कारखान्याच्या वसाहतीतलं आमचं सेक्टर सहा आठवलं. ऐंशीच्या दशकात बाबांचे साहेब समोरच्या क्वार्टरमध्ये राहायचे. रविवारी दोन कुत्री जीपमध्ये बसवून "फिरवून आणतो" म्हणत जायचे. एका रविवारी त्यांच्याकडून मटणाचा डबा आला. झाकण उघडताच वेगळ्याच वासानं आईला शंका आली. ती डबा घेऊन तशीच समोर गेली, मी मागोमाग.

"साहेब, हे बकऱ्याचं नाही."

"वहिनी, मी गोळी नाही चालवली. कुत्र्यांनी हरीण पकडलं, त्याले मी काय करू?"

"कुत्रे का जीप चालवत गेले होते जंगलात?"

साहेबांनी डबा परत घेतला. घरी बाबा मात्र भडकले, "माझे साहेब हायेत ते! तुले काय गरज होती बोलाची?"

त्यानंतर कुत्री जीपमध्ये दिसली नाहीत. बाबांना मात्र लागोपाठ नाईट शिफ्ट लागल्या. कावून, कशासाठी, ते कोणीच सांगितलं नाही.

आज मी त्या माणसाला म्हटलं, कुत्री सोडून हरीण धरणं हीसुद्धा कायद्यानं शिकारच. त्यानं झटकन मोबाईल खिशात टाकला. "अहो, मले कोणीतरी पाठवला."

पण व्हिडिओत कुत्र्यांना "छू, छू" करणारा आवाज अगदी त्याच्यासारखा होता. वनविभागाला कळवायला नंबर काढून बसले आहे. नुसत्या आवाजावरून तुम्ही फोन केला असता का?