बादलीतलं सोयाबीन

सेनगावजवळच्या गोरेगावात आमच्या शाळेत मुळांचा धडा मी दरवर्षी श्रावण सरता सरता घेतो, कारण त्याच दिवसांत जवळच्या बंजारा तांड्यावरचे शेतकरी हरसिंगभाऊ बादली घेऊन येत. बादलीत पाणी आणि पाण्यात मुळांसकट उकरलेलं सोयाबीनचं झाड. यंदा धडा दोनदा पुढे ढकलला, तरी बादली आली नाही. पावसानं तांड्याची वाट बंद होती, म्हणून मी निश्चिंत होतो. मग सेनगावच्या जीपवाल्यानं एका सकाळी सांगितलं, "हरसिंगभाऊ गेले की, गुरुजी. आठ दिवस झाले. छातीत दुखलं म्हणं..." त्याची जीप भरली होती, तो निघून गेला.

आमची ओळख वांग्यामुळे झाली. नव्वदच्या दशकातली गोष्ट, मी नवाच मास्तर होतो. सुकत चाललेलं एक झाड घेऊन ते शाळेत आले. मुळं जागोजाग फुगली होती. मी मुळांत शिरणाऱ्या बारीक सूत्रकृमींचा रोग ओळखला, झाडं उपटून जाळायला सांगितलं आणि पुढची वांगी दुसऱ्या तुकड्यात लावायला सांगितली. ती चांगली आली. तेव्हापासून तांड्यावरची माणसं मुळ्या घेऊन माझ्याकडे येऊ लागली, आणि खोटं कशाला बोलू, मलाही ते फार आवडू लागलं.

पुढे आमच्या भागात सोयाबीन आलं. हरसिंगभाऊंनी ते पहिल्यांदाच पेरलं, आणि झडीच्या पावसात पीक पिवळं पडलं. ते एक झाड घेऊन मला रस्त्यातच भेटले. मुळांना बारीक गाठी होत्या. मी उभ्या उभ्या पाहिलं आणि म्हणालो, "तोच रोग. उपटून जाळा."

"भुईमुगाला बी असतातच की गाठी, गुरुजी."

"ते वेगळं."

झाड घेऊन ते तांड्याकडे वळले. चार दिवसांनी मी वर्गात फळ्यावर द्विदल झाडाचं मूळ काढत होतो. मधलं सोटमूळ, त्याला फुटलेली उपमुळं, टोकाला टोपी, तिच्या जरा मागे केसांसारखे मूलरोम... आणि उपमुळांवर गोल गाठी, ज्यांतले जिवाणू हवेतला नत्र धरून झाडाला देतात. खडू तिथेच थांबला. ज्या गाठी मी दरवर्षी फळ्यावर काढत होतो, त्या हातात आल्यावर मला ओळखता आल्या नव्हत्या.

मुख्याध्यापकांना न सांगता मी सायकल काढली आणि त्यांचं शेत गाठलं. अर्धं रान मोकळं झालं होतं, बांधावर उपटलेल्या झाडांचा ढीग होता. मी म्हणालो, "हरसिंगभाऊ, चूक झाली. माझी." त्यांनी ढिगातलं एक झाड उचललं आणि मुळावरची गाठ नखानं सोडवली. ती अलगद सुटली. चिरली तर आत गुलाबी निघाली. वांग्याची गाठ अशी सुटत नाही, ती मुळाचंच फुगलेलं अंग असते. ती गाठ त्यांनी तळहातावर ठेवली. मग म्हणाले, "अर्धं हाये ना उभं. पानी उतरलं की हिरवं व्हईल. अन् हे कुनाला सांगू नका. लोकं मुळ्या घेऊन तुमच्याकडं यायची न्हाईत मंग."

मी सांगितलं नाही. त्यांनी लोकांसाठी गप्प राहायला सांगितलं होतं, मी माझ्या अब्रूसाठी गप्प राहिलो.

पुढच्या श्रावणापासून बादली सुरू झाली. झाड कधी ओढून काढायचं नाही, भोवतीनं उकरायचं, मातीचा गड्डा पाण्यात भिजू द्यायचा, नाहीतर बारीक मुळ्या मातीतच राहतात, हे त्यांनी वर्गाला शिकवलं. प्रत्येक पोराला एक गाठ सोडवायला लावत. "नखानं सुटली तर दोस्त, न्हाई सुटली तर दुश्मन," म्हणत. कुणी विचारलं तर माझ्याकडे बोट दाखवत, "हे गुरुजींनी शिकवलं मला." मी खिडकीबाहेर बघत असे.

यंदा वाट उघडल्यावर त्यांच्या घरी भेटायला गेलो. त्यांच्या पत्नी सोनाबाईंनी पाणी आणून दिलं. मग म्हणाल्या, "लई नाव घ्यायचे तुमचं. पन त्या साली, गुरुजी, चांगलं पीक मी माज्या हातानं उपटलं. काहून उपटाया लावलं इचारलं, तर म्हने, माझीच अक्कल गेली व्हती. जल्मभर बोलत राह्यले मी त्यांना त्याच्यावरून. ऐकून घेत व्हते."

 पाणी पिऊन उठलो, तर त्यांनी कोपऱ्यातून बादली आणून माझ्यापुढे ठेवली. "शाळेसाठी उकरून ठेवलं व्हतं, गेले त्याच्या आदल्या दिशी." पाणी आटून गेलं होतं, झाड वाळलं होतं. मुळांवरच्या गाठी मात्र जागच्या जागी होत्या.

ती बादली आता माझ्या टेबलाखाली आहे. हा लेख छापून आला की अंक आणि बादली, दोन्ही घेऊन मी तांड्यावर जाणार आहे. सोनाबाईंना वाचता येत नाही. मीच वाचून दाखवणार आहे.