वत्सलाची साखर आणि नानांचं शेडकार्ड

कारखान्याच्या दवाखान्यात किस्से जमवावे लागत नाहीत हो, ते लंगडत, कण्हत स्वतःच चालत येतात! पिंपरीच्या एका कारखान्यात मी बावीस वर्षं नर्स होते. सगळे मला कांबळे सिस्टर म्हणायचे. परवा माझ्या लेकीनं विचारलं, "आई, तू एवढी वर्षं तिथं नेमकं काय केलंस गं?" मी म्हटलं, "लोकांची लघवी उकळली!"

हसू नका. तेव्हा, म्हणजे सत्तर-पंचाहत्तरच्या सुमारास, साखर तशीच तपासायचे. परीक्षानळीत निळं औषध घ्यायचं, त्यात लघवीचे आठ थेंब टाकायचे आणि स्पिरिटच्या दिव्यावर उकळायचं. निळं राहिलं तर सुटलात. हिरवं, पिवळं, नारिंगी, विटकरी असा रंग चढत गेला, की साखर चढली म्हणून समजा.

* * *

आता हा रंग एखाद्या क्लार्कला दाखवला तर तो मान डोलावून निघून जाईल. पण आमच्याकडे आले पेंट शॉपचे, म्हणजे कारखान्याच्या रंगखात्यातले नाना! चिखलीचे, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली, सगळा जन्म रंगात गेलेला.

मी नळी दाखवली. "नाना, हिरवं झालंय."

नानांनी नळी खिडकीशी धरली. "ह्ये हिरवं न्हाई. ह्ये पोपटी हाय."

"हिरवं काय नि पोपटी काय, साखर आहे ना!"

"आसं कसं? आमी हिरव्याच्या जागी पोपटी मारला तर साहेब घरी पाठवील आमाला!"

आणि गेले की तरातरा! पाच मिनिटांत शेडकार्ड, म्हणजे रंगांच्या छटांचा तक्ता घेऊन हजर, मागे पेंट शॉपमधले चौघे साक्षीदार. सगळ्यांनी कार्ड नळीला लावून पाहिलं आणि एकमतानं निकाल दिला, पोपटी. तेवढ्यात डॉक्टर आले. ते पुण्याहून आठवड्यातून तीनदा स्कूटरवर यायचे. मला वाटलं, आता सगळ्यांना हाकलतील. त्यांनी शांतपणे कार्ड बघितलं, माझ्या कागदावरचं 'हिरवा' खोडलं आणि 'पोपटी' लिहिलं! वर मलाच म्हणाले, "सिस्टर, ते बरोबर आहेत." मी दोन दिवस त्यांच्याशी कामापुरतंच बोलले.

* * *

पोपटी निघालं म्हणून नानांना बुधवारी रक्ताच्या तपासणीला बोलावलं. नियम सोपा होता. उपाशीपोटी यायचं, ग्लासभर ग्लुकोजचं पाणी प्यायचं आणि मग दर अर्ध्या तासानं रक्त द्यायचं. शरीर ती साखर किती वेळात उतरवतं, ते त्यातून कळतं.

नाना आले, सोबत त्यांचा जोडीदार शंकर. मी ग्लास हातात दिला आणि नाव लिहायला वळले. मागे वळून बघते तर काय! नानांनी माझ्या चहाची बशी घेतलेली, अर्धं ग्लुकोज तीत ओतलेलं आणि शंकर फुर्र करून पितोय!

"अहो नाना! ते तुमच्या एकट्यासाठी होतं!"

"मंग? मानूस म्होरं बसलाय आन् मी एकट्यानंच ढोसू? ही कुटली रीत, सिस्टर?"

शंकरनं मिशी पुसली. "साखर झ्याक हाय. फकस्त पत्ती टाकायची इसरला तुमी!"

* * *

म्हणून पुढच्या बुधवारी शंकरला बाहेर ठेवून नानांना बसवलं आणि दाराला कडी लावली. समोरच्या बाकावर वायंडिंग खात्यातली वत्सला होती. बत्तीस वर्षांची, पाचवा महिना लागलेला. मोटारीच्या तारा गुंडाळताना तिचा हात कधी चुकायचा नाही, पण त्या दिवशी ग्लास तिनं दोनदा उचलून परत खाली ठेवला. तिची आधीची दोन्ही बाळंतपणं वाईट गेली होती. दोन्ही बाळं चांगली वजनदार होती आणि दोन्ही मेलेलीच जन्माला आली. का, ते तिला कुणी सांगितलं नव्हतं. या खेपेला तिची नळी नारिंगी झाली, तेव्हा डॉक्टर पहिल्यांदा गंभीर झालेले मी पाहिले. मला बाजूला घेऊन म्हणाले, "सिस्टर, आधीची दोन्ही बाळं साखरेनंच गेली असणार. हे बाळ हातचं जाऊ द्यायचं नाही."

पुण्याहून रिपोर्ट आले. नानांची साखर उतरायला वेळ लागत होता आणि वत्सलाची त्याहून जास्त! नानांना ते पटेना.

"साहेब, मी म्हातारा. माझं इंजिन हळू चालतंय, ह्ये मान्य. ही तरणीताठी पोर, हिला काय झालं?"

"नाना, वय झालं की शरीर साखरेच्या बाबतीत जरा मंद होतं. बाईचं मात्र वेगळं. पोटात बाळ असलं की तिच्या शरीराला ओव्हरटाइम करावा लागतो. काहींचं शरीर तिथं कमी पडतं. बाळंत झाल्या की बहुतेकींची साखर जागेवर येते."

नानांचे डोळे चमकले. "मंग माझी बी येईल का जागंवर?"

"येईल की! आधी बाळंत होऊन या!"

वत्सला खळखळून हसली. तिला हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

* * *

वत्सलाला इन्सुलिनची इंजेक्शनं सुरू झाली. रोज सकाळी शिफ्टच्या आधी मी सुई उकळून तयार ठेवायची. तरी पुढच्या दोन तपासण्यांत नळी नारिंगीच! मी वत्सलाला चांगलं फैलावर घेतलं, तेव्हा ती रडत म्हणाली, "सासूबाई रोज दोन लाडू देतात. समोर बसून खायला लावतात. नाही कसं म्हणू?"

मी सासूला बोलावलं. सखूबाई, साठीच्या, कपाळाला ठसठशीत कुंकू, आवाज गेटपर्यंत जाणारा!

"दोन जिवाची हाय ती! तिला काय उपाशी मारू? आन् साखरेचा आजार ढेरीवाल्या बाप्यांना व्हतो, सिस्टरबाई. बायांना न्हाई व्हत."

"असं? मग तुमचीच बघू या की!"

त्यांनी तोऱ्यात बाटली भरून दिली. मी त्यांच्यासमोर नळी दिव्यावर धरली. हिरवी झाली, पिवळी झाली आणि थेट विटकरीवर जाऊन थांबली. सखूबाईंनी स्वतःबद्दल एक शब्द विचारला नाही. खालच्या आवाजात म्हणाल्या, "म्हंजी, ती दोन लेकरं... माज्या लाडवानं गेली व्हय?"

माझा सगळा राग कुठल्या कुठे गेला. मी त्यांचा हात धरला. "नाही हो मावशी. तिच्या शरीराचंच तसं आहे. तेव्हा कुणालाच कळलं नाही, त्यात तुमचा काय दोष? आता कळलंय ना!"

दुसऱ्या दिवसापासून लाडू बंद, दोघींना ज्वारीची भाकरी सुरू. सखूबाई रोज सुनेला गेटवर सोडायला यायच्या आणि वॉचमनला दम द्यायच्या, "त्या क्यांटीनवाल्याला सांग, हिच्या चहात साखर घातली तर किटली डोक्यात घालीन!" वॉचमन बिचारा खरंच जाऊन निरोप द्यायचा. आठवड्याभरात वत्सलाची नळी पोपटीवर आली. हो, मी पोपटीच लिहिलं!

* * *

नववा महिना लागला आणि डॉक्टरांनी तिला पुण्याच्या हॉस्पिटलमध्ये दाखल केलं. या खेपेला दिवस पूर्ण भरायची वाट बघायची नाही, बाळाला धोका नको म्हणून आधीच बाळंत करायचं, असं तिथल्या डॉक्टरांशी बोलून ठरलं होतं. दोन दिवस काही निरोप नाही. तिसऱ्या दिवशी सकाळपासून माझ्या हातून सारखं काहीतरी पडत होतं. नाना दोनदा येऊन गेले, दोन्ही वेळा म्हणे डोकं दुखत होतं!

दहाच्या चहाला गेटवर आरडाओरडा ऐकू आला. बघते तर सखूबाई! बसमधून उतरून तशाच पळत आलेल्या, पदर खांद्यावरून घसरलेला, वॉचमन अडवतोय आणि त्या त्याला ढकलतायत. मी धावले. माझ्या मागून नाना, शंकर, वायंडिंगच्या सगळ्या बाया.

सखूबाईंना धाप लागली होती. कुणालाच पुढचं विचारवेना. शेवटी नानांनीच धीर केला.

"काय झालं, वैनी? पोरगा का पोरगी?"

सखूबाईंनी गोंधळून त्यांच्याकडे बघितलं.

"अगं बया! त्ये बघितलंच न्हाई मी! रडतंय वो ते... लई मोठ्यानं रडतंय!"