आधी सुनंला तपासा

आमच्या सासूबाई दवाखान्यातून पळून गेल्या आणि त्यांना पळवलं मी.

त्यांना मी आत्या म्हणते. पाळी जाऊन जमाना झालेला आणि आता लुगड्याला पुन्हा डाग. कॅन्सर हा शब्द मनात आणायचा न्हाय म्हटलं, तरी तो जेवताना ताटासमोर येऊन बसायचा. आत्या मात्र ढिम्म. विनवण्या करून करून मी थकले, तेव्हा म्हणाल्या, "आधी तू तपासून घे. मग म्या."

(माझी तपासणी? धाकट्याच्या बाळंतपणानंतर मी तपासणीच्या खोलीकडं फिरकले नव्हते. तो आता कॉलेजात जातो!)

आमच्या वाशी गावाहून जिल्ह्याला, धाराशिवला जाताना एसटीत मी त्यांना सगळं समजावलं. आधी लघवी करून यायचं. डॉक्टर बाईच आहेत, सिस्टर जवळ असते, अंगावर चादर देतात. गार लागतं, जरा दाब आल्यासारखं होतं, दुखलं तर थांबा म्हणायचं. अंग सैल सोडून श्वास घेत राहायचं, की झालं. मोबाइलवर वाचलेलं होतं नव्हतं तेवढं ओतलं. पुढच्या सीटवरच्या बाईनं वळून एक शंका विचारली, मी तिचंही समाधान केलं.

दवाखान्यात आधी मी टेबलावर चढले आणि सगळं ज्ञान चपलांपाशी राहिलं. बाजूला काहीतरी खणकलं आणि मी अशी किंचाळले, की सिस्टरच्या हातातला ट्रे खाली पडला.

डॉक्टरबाई शांतपणे म्हणाल्या, "अहो, मी अजून हातमोजेच घालतीय."

बाहेर आत्यांची खुर्ची रिकामी. साडी कशीबशी आवळत मी रस्त्यावर. आत्या कोपऱ्यावरच्या रसवंतीत बसलेल्या. मी शपथा घातल्या, मला कुणी हात लावला न्हाय म्हणून सांगितलं. त्यांना पटेना. एवढं गुरासारखं वरडायला मग झालं काय, हाच त्यांचा सवाल.

शेवटी माझं अवसानच गेलं. तिथंच बाकड्यावर बसून रडायला लागले. "आत्या, तुम्हाला काही झालं तर मी काय करू हो?"

त्यांनी उरलेला रस माझ्यापुढं सरकवला. "पी आन चल. म्या उभी ऱ्हाते उशाला."

मग त्यांचा हात घट्ट धरून मी तपासून घेतलं. गार लागलं, दाब आला, संपलं. लगेच आत्या चढल्या. त्यांच्या तोंडातून चकार शब्द न्हाय. पिशवीच्या तोंडाशी मांसाचा छोटा कोंब निघाला, डॉक्टरबाईंनी तो काढून तपासायला पाठवला. रिपोर्ट चांगला आला, तेव्हाही मीच रडले.

पुढच्या तपासणीला सोबत कोण येणार, असं डॉक्टरबाईंनी विचारलं. आत्या म्हणाल्या, "म्या येते की. तिला एकटीला जमायचं न्हाय."

दुखणं आत्यांचं होतं, पण 'सोबत जबाबदार माणूस आणावा' हा शेरा माझ्या केसपेपरवर पडला.