बावीस लिटरांचा आठवडा

भिंगरीला कुणी कधी स्वस्थ बसलेलं पाहिलं नव्हतं. चहा उभ्याने प्यायचा, जेवताना दोनदा उठायचा, फोनवर बोलताना अंगणात येरझाऱ्या घालायचा. गाडीच्या सीटवर तेवढा तो नाइलाजाने टेकायचा. तिथेही बोटं स्टिअरिंगवर वाजत राहायची आणि मान दर मिनिटाला खिडकीबाहेर. हे नाव त्याला त्याच्या बायकोने ठेवलं होतं. ते इतकं चिकटलं की एकदा हजेरीवर सही करताना त्याने स्वतःच तेच लिहिलं.

तो आमच्या डायलिसिस केंद्राची गाडी चालवायचा. मी त्याच केंद्रात नोंदणीच्या टेबलावर. माझ्या गावापासून केंद्र सेहेचाळीस किलोमीटर. मंगळवार, गुरुवार आणि शनिवार या दिवशी आमच्या बाजूचे तीन पेशंट गाडीने जायचे, आणि मीही मागच्या सीटवर बसून जायचे. पुढे भिंगरीशेजारी काका, तीस वर्षं बस चालवून निवृत्त झालेले. मधल्या सीटवर शाळेच्या जुन्या मुख्याध्यापक बाई आणि त्यांच्याशेजारी शिवणकाम करणारी ताई, तिघांत वयाने सगळ्यात लहान. मूत्रपिंडं गेलेल्या माणसाला या पाळ्या चुकवता येत नाहीत, आणि पाणीही मोजूनच प्यावं लागतं. पाळी चुकली की अंगात पाणी साठतं, श्वास अडतो, आणि मग धावपळ सुरू होते.

भिंगरीची गाडी म्हणजे एक धक्का आणि एक हिसका. समोर मोकळा रस्ता दिसला की पाय तळापर्यंत, वळण दिसलं की करकचून ब्रेक. ताईच्या दारात ती चपला शोधेपर्यंत दहा दहा मिनिटं इंजिन चालूच. काका दारावरची मूठ धरून बसायचे आणि त्यांचा उजवा पाय नसलेला ब्रेक दाबत राहायचा. वर्षभर ते एक शब्द बोलले नाहीत. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "दुसऱ्याच्या हातात स्टिअरिंग असताना बोलू नये. माझ्या बसमध्ये कुणी बोललं असतं तर मी उतरवलं असतं."

मग एका बुधवारी डिझेलचे टँकर यायचे थांबले. तिकडे कुठेतरी वाहतूकदारांचं काही बिनसलं होतं. संध्याकाळपर्यंत दोन्ही पंपांसमोर दोरी बांधली गेली. डॉक्टरीणबाईंनी मला केबिनमध्ये बोलावलं. आम्ही गावी परतल्यावर आमच्या गाडीसाठी टाकीतलं आणि कॅनमधलं मिळून बावीस लिटर डिझेल उरणार होतं. पुढच्या बुधवारपर्यंत दुसरं मिळण्याची खात्री नव्हती.

"तीन फेऱ्या होतील का एवढ्यात?" त्यांनी विचारलं.

भिंगरी दाराशी उभा होता, एका पायावरून दुसऱ्या पायावर. "माझ्या हातून लिटरला नऊच्या वर कधी पडलं नाही, मॅडम. दोन होतील. तिसऱ्या वेळी जाताना कुठेतरी रस्त्यात बसू."

त्यांनी खाटांची वही उघडून पाहिली. तिघांना आठवडाभर केंद्रातच ठेवावं तर खाट एकही रिकामी नव्हती.

गुरुवारी सकाळी भिंगरीने हे काकांना सांगितलं. काका गाडीत चढायचे थांबले.

"आता बोलू का?" ते म्हणाले.

"बोला ना काका. मी कधी अडवलं?"

"मग आधी ते वरचं कॅरिअर काढ. वर्षभरात त्यावर साधी पिशवी चढलेली नाही, नुसतं वाऱ्याशी भांडतंय. आणि मागे काय भरलंयस ते दाखव."

मागे दोन स्टेपन्या होत्या, दोन जॅक, लोखंडी साखळी, पाण्याचे चार भरलेले कॅन, चाकाला लावायच्या विटांचं पोतं आणि एक कुदळ. काकांनी कुदळ उचलून पाहिली. "खोदायचं काय असतं रस्त्यात तुला?"

"असू द्यावी म्हटलं, वेळप्रसंगी."

एक स्टेपनी, एक जॅक आणि पाण्याचा एक कॅन सोडून सगळं अंगणात उतरवलं. टायर काकांनी बुटाने दाबून पाहिले आणि तोंड वाकडं केलं. कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याकडे हवा तपासली. चारही चाकांत हवी तेवढी कधीच भरलेली नव्हती. एअर फिल्टर काढून झटकला तर एवढी धूळ उडाली की बाई गाडीतून उतरून लांब जाऊन उभ्या राहिल्या.

आणि मग तो प्रवास. काका एकेक सूचना हळू आवाजात देत होते, जणू शेजारी कुणी झोपलं आहे. "वर टाक गिअर. इंजिन ओरडायची वाट नको बघूस... ती म्हैस दिसली? नाही दिसली? अरे, तू बॉनेटपुढचं बघतोस. लांब बघ. आत्ताच पाय उचल, तिथे पोचेपर्यंत गाडी आपोआप हळू होईल."

भिंगरीच्या कपाळावर घाम. काटा पन्नास आणि पंचावन्नच्या मध्ये ठेवायचा, बस्स. त्याला ते जमेना. दुधाची गाडी मागून हॉर्न देत पुढे निघून गेली तेव्हा त्याने दात आवळले. नंतर एक ट्रॅक्टर... खरं तर ट्रॅक्टर पुढे गेला नाही, पण भिंगरी अजूनही शपथेवर सांगतो की गेला होता.

उतारावर त्याने गाडी न्यूट्रलमध्ये टाकली. काकांनी त्याच्या हातावर चापट मारली. "हे कुणी शिकवलं?"

"तेल वाचतं की!"

"गिअरमध्ये ठेवून पाय काढलास तरी तेल जात नाही. आणि गाडी ताब्यात राहते. न्यूट्रलमध्ये उतरशील तर सगळा भार ब्रेकवर. तीस वर्षांत मी असा एकदाही उतरलो नाही."

केंद्राच्या आवारात उतरल्यावर काका काठी टेकत चारही चाकांभोवती फिरले आणि प्रत्येकाजवळ तळहात नेऊन पाहिला. मागच्या डाव्या चाकाजवळून त्यांनी हात झटकन मागे घेतला. "तापलंय. ब्रेक धरून ठेवतोय हा. तू वर्षभर हँडब्रेक लावल्यासारखी गाडी ओढतोयस."

काका यंत्रावर असताना भिंगरीने मिस्त्री गाठला. चाक उचलून हाताने फिरवलं तर अर्धा फेरा जाऊन अडत होतं. मिस्त्रीने ब्रेक सोडवला, घासून साफ केला, आणि चाक सुरळीत फिरायला लागलं. भिंगरी त्याच्याकडे बघत म्हणाला, "हे माझ्यासारखं झालं." मिस्त्रीला काही कळलं नाही.

शनिवारची फेरी बरी गेली. भिंगरी पहिल्यापेक्षा निम्माच तडफडला. घड्याळ मी लावलं होतं. एरवी आम्हाला बासष्ट मिनिटं लागायची, त्या दिवशी सहासष्ट. भिंगरीला ते खरंच वाटेना. "एवढं ऊर फुटेस्तोवर पळवायचो ते चार मिनिटांसाठी?" घरी आल्यावर त्याने पट्टी बुडवून टाकी मोजली. साडेसहा लिटरच्या आसपास उरलं होतं. मंगळवारी जाण्यापुरतं नक्की, येण्यापुरतं कदाचित.

एका गोष्टीवर मात्र तो अडून राहिला. थांबल्यावर इंजिन बंद करायला तो तयार नव्हता. शनिवारी रेल्वेच्या फाटकात पाच मिनिटं उभे होतो. काका म्हणाले, "मिनिटापेक्षा जास्त थांबायचं असेल तर बंद करावी."

"नाही."

"अरे, पण..."

"काका, बाकी सगळं ऐकलं. हे नाही."

मालगाडी गेल्यावर, फाटक उघडल्यावर, तो समोर बघतच बोलला. वडिलांना झटका आला तेव्हा त्याच्याकडे जुनी जीप होती. याच फाटकात थांबला, इंजिन बंद केलं, आणि मग ते सुरूच झालं नाही. लोकांनी ढकललं, काही होईना. चाळीस मिनिटांनी एक ट्रक मिळाला. वडील वाचले, पण उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. चार वर्षं तसेच पडून होते. डोळ्यांनी बघायचे फक्त.

"ती चाळीस मिनिटं गेली नसती तर ते बरे झाले असते असं डॉक्टर म्हणाले का?" बाईंनी हळूच विचारलं.

"कुणी म्हणालं नाही. मी विचारलंच नाही."

काकांनी त्यावर काही शिकवलं नाही. घराशी उतरल्यावर मात्र त्यांनी बॉनेट उघडायला लावलं. बॅटरीच्या टोकांवर पांढरं पीठ चढलं होतं. त्यांनी गरम पाणी मागवलं, जुन्या दात घासायच्या ब्रशने ते स्वतः साफ केलं, आणि नट घट्ट आवळून घेतले. "ती जीप होती," एवढंच म्हणाले.

मंगळवारी सकाळी काका दाराच्या चौकटीला धरून उभे होते. चेहरा सुजलेला, पाय खांबासारखे. दोन पावलं टाकली की थांबत होते.

"काय झालं?"

"रविवारी फार उकडलं," काका ओशाळून म्हणाले. "माठाजवळून जाताना राहवलं नाही. दोनदा. सोमवारीही."

आम्हाला थेंब थेंब पुरवून वापरायला शिकवणारा हा माणूस दोन घोट पाण्यापुढे हरला होता. त्यांच्या सुनेने त्यांना सीटवर टेकवलं. सीट मागे केली तर त्यांना श्वास घेता येईना, म्हणून उभी ठेवली. मी केंद्रात फोन लावला. रुग्णवाहिका दुसऱ्या पेशंटकडे गेलेली. ती इथे पोचेपर्यंत आम्हीच तिथे पोचणार होतो. "या तसेच," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मशीन तयार ठेवते. ऑक्सिजन दारात आणून ठेवते."

भिंगरीने गाडी काढली आणि पहिल्या सरळ रस्त्याला त्याचा पाय खाली गेला. काटा सत्तर, पंच्याहत्तर. काकांचा श्वास आम्हाला मागे ऐकू येत होता, ओल्या फडक्यातून हवा ओढल्यासारखा. ताईने मागे वळून माझा हात धरला.

मग भिंगरीने पाय उचलला. मी आरशात त्याचा चेहरा पाहिला. कुणी त्याला बांधून ठेवल्यासारखा. काटा हळूहळू पंचावन्नवर आला आणि तिथेच थांबला.

"पळव ना!" ताई ओरडली. "दिसत नाही का तुला?"

"डिझेलची गाडी कोरडी पडली तर नुसतं ओतून भागत नाही, ताई. पाइपातली हवा काढत बसावं लागतं. आणि ओतायला आहे कुणाकडे?" त्याचा आवाज चिरकला. "पळवून चार मिनिटं मिळतील. चार. आपण मोजलीयत."

त्याची बोटं स्टिअरिंगवर वाजत होती, खांदे हलत होते, सगळा माणूस आतून पळत होता. फक्त उजवा पाय स्थिर. चढ यायच्या आधी तो थोडा वेग घेत होता, माथ्यावर सोडत होता. लांबवर बैलगाडी दिसली की आधीच हळू, मग ब्रेक न लावता तिच्या बाजूने. बत्तिसाव्या किलोमीटरला टाकीचा लाल दिवा लागला.

आणि फाटक बंद होतं.

पुढे दोन वाहनं. फाटकवाला हातवारे करून सांगत होता, दोन मालगाड्या जायच्यात, एक इकडून, एक तिकडून. भिंगरीने काकांकडे बघितलं. काकांचे डोळे मिटलेले, ओठ निळसर. या वेळी सांगणारं कुणी नव्हतं. त्याचा हात किल्लीकडे गेला, परत आला, पुन्हा गेला.

त्याने किल्ली फिरवली.

इंजिन थांबल्यावर काकांचा श्वास आणखीच मोठा वाटायला लागला. भिंगरी खाली उतरला, फाटकापर्यंत गेला, परत आला, बॉनेटवर हात ठेवून उभा राहिला, परत गेला. बाई मागून काकांच्या खांद्यावर हात फिरवत होत्या. पहिली मालगाडी गेली. मग काहीच नाही. मी घड्याळात बघितलं, सहा मिनिटं. नववं मिनिट संपताना दुसरी मालगाडी आली, डबे मोजायचं मी मध्येच सोडून दिलं.

भिंगरी आत बसला. किल्ली फिरवली. नुसती घरघर. त्याने हात काढून घेतला, मांडीला पुसला. ताईने तोंडावर पदर घेतला. त्याने पुन्हा फिरवली आणि इंजिन लागलं.

तो रडत होता की घाम होता ते मला मागून कळलं नाही.

आवारात शिरलो तेव्हा नर्स दारात उभी होती. काकांना खुर्चीवरून आत नेलं. पहिल्याच तासात यंत्राने त्यांच्या अंगातलं पाणी काढायला सुरुवात केली आणि दुपारी ते डोळे उघडून म्हणाले, "गाडी बंद केलीस ना फाटकात? मला आवाज आला नाही तेव्हाच कळलं."

"तुम्ही जागे होतात?"

"श्वास येत नसताना झोप कसली लागते?"

त्या दिवशी परत निघालोच नाही. टाकीत जे काही होतं त्यावर भरवसा ठेवायला भिंगरी तयार नव्हता. आम्ही केंद्राच्या बाकांवर रात्र काढली आणि बुधवारी सकाळी दहाला पहिला टँकर आला.

भिंगरी शांत झाला असं म्हणाल तर अजिबात नाही. त्याची घाई फक्त जागा बदलून बसली. आता तो दिवसातून दोनदा टायरची हवा बघतो, पंक्चरवाला त्याला पाहिलं की शटर ओढतो. गाडी उभी राहिली की प्रत्येक चाकाजवळ हात नेतो. ताईला आदल्या संध्याकाळीच फोन करून चपला दारात काढून ठेवायला सांगतो, त्यावरून तिचं आणि त्याचं आठवड्यातून एकदा तरी वाजतं. केंद्राने बाकीच्या दोन ड्रायव्हरांना शिकवायचं काम त्याला दिलं. त्याने ते आवारात गाडीभोवती चालत चालत शिकवलं, आणि दोघं त्याच्यामागे धापा टाकत फिरत होते.

काका वर्षभराने लेकीकडे राहायला गेले, तिकडच्या केंद्रात जायला लागले. पुढची सीट आता बाईंकडे आहे. त्यांचे कान जरा जड, त्यामुळे भिंगरी वाटभर मोठमोठ्याने सांगत असतो, पुढे काय दिसतंय, कुठे पाय उचलणार आहे, का उचलणार आहे. बाई मान डोलावतात. परवा त्यांनी मला कानात विचारलं, "हा कुठे निघून जाणार आहे काय गं? एवढं सगळं मला कशाला सांगतोय?"

मी म्हटलं, "कुठे जात नाही, बाई. बोलला नाही तर त्याचा उजवा पाय हलतो."