पुण्याच्या अहवालाची वाट पाहणाऱ्या दोघी

डॉक्टर बागवान मॅडमनी दाराच्या काचेआडून एक छोटी पांढरी पट्टी वर धरली. तिच्यावर दोन लाल रेघा होत्या. याला रॅपिड टेस्ट म्हणतात. बोटाच्या टोकाचं रक्त घेऊन पंधरा-वीस मिनिटांत उत्तर देणारी तपासणी. मी पिंपळीची आशा सेविका आहे. असल्या पट्ट्या मी गावात घरोघर केल्या आहेत, त्यामुळे दोन रेघांचा अर्थ मला कुणी सांगायची गरज नव्हती.

"फाल्सिपेरम मलेरिया आहे," मॅडम म्हणाल्या. "मेंदूवर आणि किडनीवर जाणारा प्रकार. औषध आहे, आत्ताच सुरू करतेय. पण फक्त मलेरियाच आहे, असं मला अजून म्हणता येत नाही."

त्यांच्या अंगावर डोक्यापासून पायापर्यंत पांढरा किट होता. आवाज मास्कमधून येत होता. मलेरिया ऐकून मला अर्धं मिनिट बरंसुद्धा वाटलं, कारण ज्याचा संशय होता ते दुसरं नाव इबोला होतं.

आत पलंगावर माझे मिस्टर होते, विलास. माळेगावच्या साखर कारखान्यात त्यांनी बावीस वर्षं पॅनवर काढली. पॅन म्हणजे उसाचा रस आटवून साखरेचा दाणा धरायचं मोठं भांडं. हे काम जाणणाऱ्या माणसाला बाहेर मागणी असते. दोन वर्षांपूर्वी ते युगांडातल्या एका साखर कारखान्यात गेले. इंदापूर तालुक्यातल्या कळसचे दत्ताभाऊ तिथं आधीपासून फिटर होते, त्यांच्याच ओळखीनं. सुट्टीवर घरी येऊन मिस्टरांना आठ दिवस झाले होते.

युगांडात इबोला आल्याच्या बातम्या होत्या, पण कारखान्यापासून दूरच्या जिल्ह्यात. विमानतळावर त्यांना एक कागद दिला होता. एकवीस दिवसांत ताप आला तर या नंबरवर कळवा. आजाराचा विषाणू अंगात शिरल्यापासून लक्षणं दिसेपर्यंतच्या काळाला इन्क्युबेशन पिरियड म्हणतात. इबोलाचा तो जास्तीत जास्त एकवीस दिवसांचा. आणि तो पसरतो रोग्याच्या, मेलेल्याच्यासुद्धा, अंगातल्या स्रावांना हात लागल्यानं. कागद मी कपाटाला चिकटवला आणि विसरून गेले.

सोमवारी संध्याकाळी त्यांना थंडी वाजून आली. मंगळवारी ताप एकशे तीन, दोन उलट्या. मी कागदाकडं बोट केलं. तेव्हा त्यांनी मला खाली बसायला सांगितलं.

"ओकेलो म्हणून माझ्या पॅनवरचा माणूस व्हता. तापानं गेला. त्याच्या मयताला गेलो व्हतो मी, निघायच्या चार दिवस आधी. डोक्याला हात लावला त्याच्या."

"हे विमानतळावर सांगितलं?"

"न्हाय. सांगितलं असतं तर सोडलं असतं का? तू बी सांगू नको. गाव वाळीत टाकंल प्राचीला."

प्राची आमची मुलगी, अकरावीत आहे. सोमवारी दुपारी ती बापाच्या ताटात जेवली होती.

आता जे लिहिते आहे ते लिहायला मला जड जातं. मी नाही कळवलं. करोनाच्या वर्षी याच गावात मी लोकांच्या दारावर सूचना चिकटवल्या होत्या. ताप लपवणाऱ्या एका म्हातारीला चारचौघांत बोलले होते. आणि माझ्या घरात ताप आल्यावर मी ताप उतरायची गोळी दिली, दार लोटून घेतलं आणि शेजारणीला सांगितलं, दमलेत जरा, प्रवासानं. पूर्ण एक दिवस. बुधवारी सकाळी ते मला ओळखेनात. मला त्यांच्या थोरल्या बहिणीच्या नावानं हाक मारली. डोळ्यांचं पांढरं पिवळं झालेलं होतं. मग मी तो नंबर लावला.

रुग्णवाहिका आली ती किट घातलेली माणसं घेऊन. गल्ली रिकामी झाली. आम्ही बारामतीच्या सरकारी दवाखान्यात पोचायच्या आत आमच्या दारातला फोटो गावभर फिरला होता. दुपारपासून आमच्या गल्लीतलं दूध कुणी घेईना.

मिस्टरांना एकटं एका खोलीत ठेवलं. प्राचीला आणि मला वरच्या मजल्यावर; पहिल्या दिवशी मला त्या खोलीच्या काचेपर्यंत येऊ देत होते. आम्ही कॉन्टॅक्ट, म्हणजे रोग्याच्या जवळ राहिलेली माणसं. मॅडमनी मला सगळं विचारलं. मयताचं सांगताना माझी जीभ अडखळली. त्या रागावल्या नाहीत. फक्त लिहिता लिहिता थांबल्या आणि म्हणाल्या, "हे कालच कळायला हवं होतं." एवढंच. त्यानंतर त्यांनी मलेरियाची पट्टी केली आणि रक्ताचा नमुना पुण्याच्या प्रयोगशाळेत पाठवला.

औषधाचं नाव आर्टेसुनेट. शिरेतून द्यायचं इंजेक्शन, पहिल्या दिवशी बारा-बारा तासांनी. चीनमधल्या एका वनस्पतीपासून त्याचा शोध लागला, असं मॅडम म्हणाल्या. पण इंजेक्शन द्यायला कुणीतरी आत जायला हवं, शीर शोधायला हवी, आणि बरळणारा माणूस हात झटकतो. सुई देणाऱ्यालाच टोचली तर? दोन सिस्टर आत जायला तयार झाल्या. दोघींना लहान मुलं होती. मी काचेतून त्यांचे हात बघत होते.

दत्ताभाऊंना मीच फोन लावला. ते म्हणाले, "वहिनी, हितं नाकातो म्हणून बाई हाय. कामगारांच्या वस्तीवर आरोग्याचं बघती, तुमच्यासारखंच. ओकेलो आजारी पडला तवा हीच त्याला पाणी पाजत व्हती. थांबा, तिलाच घेतो फोनवर."

ती इंग्रजीत बोलायची, दत्ताभाऊ मराठीत सांगायचे. तिनं मला 'मामा प्राची' म्हटलं. मी गोंधळले. दत्ताभाऊ म्हणाले, "हितं आईला मामा म्हणत्यात."

तिनं सांगितलं की मयताच्या आधी ओकेलोच्या तोंडातला स्वॅब घेतला होता, म्हणजे कापसाच्या काडीनं पुसून घेतलेला नमुना. त्यात इबोला नाही, असा फोन आला होता. मी म्हटलं, मग सुटलो आपण. दत्ताभाऊंनी ते तिला इंग्रजीत सांगितलं. मग दत्ताभाऊंचा आवाज आला, पण बदललेला.

"ती म्हणती, फोन आला, कागद अजून आलेला न्हाय. तिची झोप उडालीय त्यापायी. ती इचारती, पुण्याचा रिपोर्ट काय येतो ते तिला कळवाल का? तुमच्या माणसाला इबोला निघाला तर ओकेलोला बी व्हता. मग तिच्या वस्तीतली ऐंशी घरं हायेत, आन तिची दोन लेकरं."

तोवर मी फक्त माझ्या घराची भीती धरून बसले होते. पुण्याच्या त्या अहवालाकडं समुद्रापलीकडची ऐंशी घरं डोळे लावून बसली असतील, हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. कळवीन म्हणाले. आणि माझी भीती कमी व्हायच्या ऐवजी वाढली.

नाकातोनं अजून एक काम केलं. तिच्या ओळखीचे एक डॉक्टर इबोलाच्या उपचार केंद्रात काम करत होते. त्यांना तिनं बागवान मॅडमचा नंबर दिला. आमच्याकडून दिल्लीला पत्र गेलं होतं, तिकडच्या आरोग्य खात्याकडं विचारणा झाली होती, ते आपल्या वाटेनं चाललंच होतं. पण त्या डॉक्टरांचा फोन त्याच संध्याकाळी आला. मॅडम जिन्याच्या पायरीवर बसून अर्धा तास त्यांच्याशी बोलत होत्या, मांडीवरच्या कागदावर लिहून घेत होत्या. दोघींनी मिळूनच आत जायचं, एकीनं फक्त रोग्याचा हात धरायचा. सुई टोचली की हातातून हातात द्यायची नाही, सरळ डब्यात. किट काढताना घाई करायची नाही, एकीनं बाहेर उभं राहून एकेक पायरी मोठ्यानं वाचायची. सलाईन जास्त सोडायचं नाही, या मलेरियात फुप्फुसात पाणी भरतं.

फोन ठेवल्यावर त्या मला म्हणाल्या, "मी हे वाचलं होतं. त्यांनी हे केलंय. फरक पडतो." आणि मग, "मलाही भीती वाटतेय, सुनीताताई. पण सकाळपेक्षा कमी."

गुरुवारी दुपारी पहिला अहवाल आला. निगेटिव्ह, म्हणजे विषाणू सापडला नाही. मी प्राचीला मिठी मारणार तोच मॅडमनी हात वर केला. ताप येऊन तीन दिवस व्हायच्या आत नमुना घेतला तर विषाणू सापडत नाही कधीकधी. दुसरा नमुना पाठवावा लागणार. मी नाकातोला तसंच सगळं सांगितलं, अर्धवट सांगितलं नाही. लपवण्याची माझी हौस बुधवारीच फिटली होती.

त्याच दिवशी मिस्टरांची लघवी थांबली. क्रिएटिनिन वाढलं, म्हणजे रक्तातला कचरा किडनीला बाहेर टाकता येईना. डायलिसिस लागलं तर पुण्याला न्यावं लागेल, पण दुसरा अहवाल येईपर्यंत त्यांना कुठं नेणार? मॅडमनी प्लॅस्टिकच्या पिशवीत फोन घालून आतून मला त्यांचा चेहरा दाखवला. ओठ फुटलेले, डोळे अर्धे उघडे. मी हाका मारल्या. त्यांनी बघितलं, पण माझ्याकडं नाही.

प्राचीनं विचारलं, "आई, मला ताप आलाय का बघ." दर तासाला विचारायची. दर तासाला मी थर्मामीटर लावायची, आणि पारा दोनदा बघायची. संध्याकाळी आम्ही दोघींनी पलंगावर बसून बुद्धवंदनेतलं त्रिसरण म्हटलं. निम्म्यावर प्राचीला रडू आलं. मी एकटीनं पुरं केलं.

शुक्रवारी दुसरा नमुना गेला. त्या दिवशी नाकातोचे चार मेसेज आले, सगळ्यांत एकच शब्द: न्यूज? तेवढं इंग्रजी मला येत होतं. मी चारही वेळा 'नो' लिहिलं. पाचव्यांदा तिनं स्वतःच्या दोन लेकरांचा फोटो पाठवला. खाली काही लिहिलं नव्हतं. मी प्राचीचा पाठवला.

शनिवारी सकाळी एक सिस्टर जिना चढून धावत वर आली. ती म्हणाली, लघवी झाली, दीडशे एमएल. मी भिंतीला टेकून रडले. माणसाच्या लघवीसाठी आपण इतकं रडू असं कुणाला वाटेल!

दुपारी मॅडम आल्या. किट न घालता आल्या. तेवढ्यावरूनच मला कळलं, तरी त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं.

"दुसराही निगेटिव्ह. इबोला नाही. नुसता मलेरिया आहे, आणि तो उतरतोय."

मी पहिला फोन नाकातोला लावला. माझ्या भावाला नंतर, सासरच्यांना त्याच्याही नंतर. दत्ताभाऊंना मध्ये घ्यायचं भान राहिलं नाही. मी म्हटलं, "नाकातो, निगेटिव्ह. टू टाइम." पलीकडून हुंदका आला, मग हसू, मग ती तिच्या भाषेत कुणाला तरी ओरडून काहीतरी सांगत होती आणि मागं बायकांचा गलका उठला. ना तिचा शब्द मला कळत होता, ना माझा तिला. फोन मात्र दोघींनी बराच वेळ ठेवला नाही.

मिस्टर अजून अकरा दिवस दवाखान्यात होते. तेरा किलो वजन गेलं. शुद्धीवर आल्यावर त्यांनी पहिल्यांदा ओकेलोचं विचारलं, त्याला काय झालं होतं. नाकातोकडून कळलं होतं, त्यालाही मलेरियाच होता. तो सहाव्या दिवशी दवाखान्यात गेला होता. हे तिसऱ्या दिवशी गेले. मधल्या फरकाला मी काय नाव देऊ? माझा लपवलेला एक दिवस अजून तीन दिवस लांबला असता तर मी हे लिहायला बसले नसते.

म्हणून जे बाहेरच्या देशातून येतात त्यांना, आणि त्यांच्या घरच्यांना माझं सांगणं आहे. ताप आला तर त्याच दिवशी कळवा. कुठून आलात, कुणाच्या आजारपणात बसलात, कुणाच्या मयताला गेलात, सगळं सांगा. डॉक्टर रागावतील, गल्ली दोन आठवडे तोंड फिरवेल, मग दूध पुन्हा चालू होतं. आमचं झालं. ज्या म्हातारीला मी बोलले होते, तिच्याकडं मी जाऊन आले. माफी मागायला जमलं नाही नीट. तिनं चहा केला.

घरी आल्यावर वाटलं, संपलं. नाकातोचं कुठं संपलंय? महिन्याभरानं इबोला तिच्याच तालुक्यात शिरला, या वेळी खरा. ती पुन्हा वही घेऊन घरोघर फिरते. शेवटचा रोगी बरा झाला की बेचाळीस दिवस मोजतात, इन्क्युबेशनच्या दुप्पट. तेवढ्यात नवा कुणी निघाला नाही तर साथ संपली म्हणायचं. तिनं मोजायला घेतलं तेव्हा मीही घेतलं. एकतिसाव्या दिवशी तिचा मेसेज आला, एक निघाला. मी त्या दिवशी आशांच्या बैठकीला गेले आणि काय बोलणं झालं ते मला आठवत नाही. तो माणूस बरा झाल्यावर मोजणी परत एकपासून सुरू झाली.

पूर्वी टीव्हीवर तिकडच्या साथीची बातमी लागली की मी चॅनेल बदलायची. आता सकाळी उठल्यावर आधी फोन बघते, आणि त्या दिवसाचा तिचा आकडा येईपर्यंत माझा चहा गार होतो.

आज सतरावा दिवस आहे.