डबा का तापला?

आजारी लेकराच्या कपाळाला लावतात तसा पालथा हात आमचे घरमालक काका कॉम्प्युटरला लावत. टीव्हीखालच्या त्या जुन्या काळ्या डब्यावर हात ठेवून क्षणभर थांबायचं आणि मग जिन्यात येऊन ओरडायचं, "ताई, डबा तापलाय! काय लावलंय वर?"

भवानी पेठेत मी त्यांच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहत होते. ते लग्नाची शूटिंग करायचे. गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा कॅमेरा सुटला. पण जन्मभराच्या कॅसेटी त्यांनी त्या डब्यात उतरवून घेतल्या होत्या. घरच्या वायफायवर त्यांच्या नाहीतर माझ्या टीव्हीवर त्यातलं काहीही लावता यायचं. अर्ध्या पेठेची लग्नं होती त्यात.

ज्याचा राग खरा असतो पण दरवेळी शहाणा नसतो, असा एखादा माणूस तुमच्याही ओळखीत असेल. यांचा सगळा राग एका गोष्टीवर होता. फिल्म टीव्हीला आहे तशी चालत असते. पण एखादी सेटिंग चुकली की डबा तीच फिल्म मोडून, नव्यानं बनवून पाठवत बसतो. मग पंखा घरघरतो, चित्र पुसट होतं, अडकतं. माझ्या टीव्हीवर क्वालिटी 'ऑटो'वर होती. तेवढ्यासाठी ते दुखऱ्या गुडघ्यांनी जिना चढून आले.

"विणलेली चादर गिऱ्हाइकाला द्यायची सोडून उसवून परत विणायला बसायचं? कुणी सांगितलं? ओरिजिनल करा ताई, ओरिजिनल! जसं हाय तसं जाऊ द्या की!"

रिमोट त्यांनी माझ्या हातातून ओढूनच घेतला. चहालाही थांबले नाहीत.

मंद्रूपला त्यांची भाची होती. तिकडं मोबाइलचं नेटवर्क यथातथाच. तिच्यासाठी फिल्म बारीक करून पाठवणं भागच होतं, हे मी सांगायला गेले तर माझ्यावरच उखडले. "माझी फिल्म का बारीक करू? टॉवर मोठा करा म्हणावं!" शेवटी भाचीच येऊन राहिली आणि घरातली सगळी लग्नं बघून गेली. काका लढाई जिंकल्यासारखे फिरत होते.

काकूंना यातलं काही ऐकू येत नसे. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या मागांवर त्यांची उमर गेली, आणि त्या खडखडाटात कान गेले. "वयामुळं होतं," असं सगळे म्हणाले, मालकापासून डॉक्टरपर्यंत. कसलं वय? लेकीच्या लग्नाआधीच गेले होते ते. बोट तुटलं असतं तर निदान चार लोक हळहळले असते. कान गेले तर माणसं हसतात, मोठ्यानं बोलून थट्टा करतात. मला आजही याचा संताप येतो. कानाला मशीन लावलं की त्यांना फक्त गोंगाट ऐकू यायचा, म्हणून ते कपाटात पडून होतं. नवराबायको कारखान्यातल्या खुणांनी बोलत. उभा तळहात दाखवला की माग थांबव. बोट गोल फिरवलं की चालू दे.

लेकीच्या लग्नाची शूटिंगही काकांनीच केली होती. दुसऱ्या कुणावर भरवसा नव्हता. कन्यादानाला बसताना कॅमेरा स्टँडवर लावला, आणि भटजी मंत्र म्हणत असताना हे मान वळवून फ्रेम बघत होते. पाठवणीच्या वेळी कॅमेरा पुन्हा खांद्यावर. लेकीनं आईच्या गळ्यात पडून तिच्या कानात काहीतरी सांगितलं. काकूंनी मान हलवली. त्यांना एक शब्द कळला नव्हता, आणि नंतर विचारायची लाज वाटली. इतकी वर्षं लेक काय म्हणाली ते त्यांना माहीत नव्हतं. एकदा त्यांनी माझ्याजवळ हे सांगितलं, आणि मी ते काकांना सांगितलं.

काका हादरले. दुसऱ्याच दिवशी त्यांनी एका स्टुडिओवाल्याकडून त्या फिल्मवर खाली बोलण्याची अक्षरं करून आणली. पण ती अक्षरं चित्राच्या स्वरूपात होती, म्हणजे डब्याला ती प्रत्येक फ्रेमवर छापत बसावं लागे. डबा तापला, फिल्म नेमकी पाठवणीला अडकली. पुण्याच्या पुतण्यानं फोनवर सल्ला दिला, "अक्षरं बंद करा, चालेल."

"बंद करा? आणि तिनं काय नुसती हलणारी तोंडं बघायची? जन्मभर तेच बघितलंय की तिनं!" इतकं चिडलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

मग एकेक वाक्य ऐकून, एका बोटानं टाइप करत त्यांनी सगळं बोलणं साध्या मजकुराच्या फाइलीत उतरवलं. ती अक्षरं टीव्ही स्वतःच दाखवायचा, डब्याला काही करावं लागत नसे. फिल्म लावली. काकूंचा हात धरून त्यांनी डब्यावर ठेवला. "बघ. थंड."

पाठवणी आली. लेक आईच्या कानाशी वाकली आणि खाली उमटलं: अम्मा, फोनवर उगीच हो हो म्हणू नको. ऐकू नाही आलं तर नाही म्हण.

काकू रडल्या आणि हसल्याही. मग म्हणाल्या, "तवा कॅमेरा लई हलतोय. तुमी काय म्हनत होता मागनं? ते कुटं लिवलंय?"

"मी काय न्हाय म्हनालो."

पुढं काका आजारी पडले आणि ती फिल्म पुन्हा लागली नाही. उन्हाळ्यात ते गेले.

दिवसांना आलेल्या पुतण्यानं टीव्ही बदलला. नव्यावर क्वालिटी अर्थातच 'ऑटो'. लग्नाची फिल्म अडकायला लागली तशी त्यानं अक्षरं बंद करून टाकली. काकू नुसती हलणारी तोंडं बघत बसल्या होत्या.

"काकूंना कुठं काय कळतंय?" तो मला म्हणाला.

मी त्याच्या हातातून रिमोट ओढून घेतला. काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. ओरिजिनल केलं, अक्षरं चालू केली. पंखा गप्प झाला.

पाठवणी आली. लेकीचं वाक्य येऊन गेलं. कॅमेरा हलायला लागला, आणि खाली आधी कधीच नसलेली एक ओळ आली: शूटिंगवाला रडतोय.

मी कान दिला. सनईच्या मागं हुंदका होता. आम्हा कान असलेल्यांपैकी कुणालाच तो कधी ऐकू आला नव्हता.

काकूंनी उभा तळहात वर केला. मी फिल्म थांबवली.